समाधीशिळेवरील दोन नावे

ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत एक समाधी आहे. तिच्या शिळेवर ईडिथ मेरी टॉल्किन या नावाखाली ‘ल्यूथिएन’ आणि जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन या नावाखाली ‘बेरेन’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. ही नावे कोणत्याही संतचरित्रात सापडणार नाहीत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या या कॅथलिक लेखकाने ती स्वतःच्याच कल्पनासृष्टीतून घेतली आहेत. लेखकाच्या खासगी आयुष्यात समीक्षकांनी फार डोकावू नये, असे टॉल्किन आग्रहाने सांगत असत. त्यांनीच पत्नीच्या शिळेवर आपल्या नायिकेचे नाव कोरवून घ्यावे, ही मला एक प्रकारची कबुलीच वाटते.

१९०४ साली आईचे छत्र हरपले तेव्हा रोनाल्ड बारा वर्षांचा होता. बर्मिंगहॅम ओरेटरीच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्याचे पालकत्व स्वीकारले. सोळाव्या वर्षी त्याची ओळख ईडिथ ब्रॅटशी झाली. तीही पोरकी, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि अँग्लिकन. फादरांना हे कळले व त्यांनी पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत तिला भेटण्यास आणि पत्र लिहिण्यास मनाई केली. रोनाल्डने ती आज्ञा पाळली. ३ जानेवारी १९१३ रोजी एकविसावे वर्ष पूर्ण होताच त्याने तिला पत्र लिहिले. तोवर तिचा विवाह दुसरीकडे ठरला होता. तिने तो मोडला.

सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतल्यावर, १९१७ साली, यॉर्कशरमधील रूस गावाजवळच्या रानात, पांढऱ्या फुलांच्या ताटव्यात ईडिथ त्यांच्यासाठी नाचली. त्या दृश्यातून ल्यूथिएन जन्मली. कथेत ती अमर वंशातली राजकन्या आहे आणि बेरेन मर्त्य मानव. तिचा पिता थिंगोल कन्येच्या बदल्यात शत्रूच्या मुकुटातील रत्न मागतो. मी स्वतः धर्मगुरू असल्यामुळे असेल, पण थिंगोलमध्ये मला फादर फ्रान्सिस यांची सावली दिसते. हा माझा तर्क आहे, लेखकाचा शब्द नव्हे. थिंगोल अखेरीस निवळतो. टॉल्किन यांनीही आपल्या थोरल्या मुलाच्या नावात ‘फ्रान्सिस’ गुंफले. तो मुलगा पुढे धर्मगुरू झाला.

माझे मन मात्र दुसरीकडे अडखळते. कथेत बेरेनला बंदिवासातून ल्यूथिएन सोडवते, शत्रूला आपल्या गाण्याने ती निजवते आणि शेवटी पतीसाठी अमरत्वही तीच सोडते. प्रत्यक्षात काय घडले? रोनाल्डच्या आग्रहावरून ईडिथने कॅथलिक होण्याचे ठरवताच, ज्या घरी ती राहत होती त्या घरमालकाने तिला बाहेर काढले. ज्या अँग्लिकन चर्चमध्ये ती ऑर्गन वाजवीत असे ते सुटले, मैत्रिणी दुरावल्या. १९१४ साली तिचा कॅथलिक धर्मसभेत प्रवेश झाला. परंतु पुढे कित्येक वर्षे मिस्सा आणि पापनिवेदन यांविषयी तिच्या मनात कडवटपणा साचत गेला. १९४० साली तो एकदा उफाळून आला, तेव्हा कुठे दोघांत खरा समेट झाला.

येथे प्रश्न उभा राहतो. जिवंत माणसाच्या त्यागाचे काव्य करणे म्हणजे त्या त्यागाचा आदर करणे, की तो सोयीस्कर रीतीने सुंदर करून ठेवणे? ल्यूथिएन कधी तक्रार करीत नाही, ईडिथने केली. लेखकाने हा कडवटपणा नायिकेला दिला नाही, हे खरे. तरीही देणारी कोण आणि घेणारा कोण, याचा हिशेब त्यांनी कथेत उलटा मांडलेला नाही. बेरेनपेक्षा ल्यूथिएनच थोर ठरते. हे प्रामाणिकपणाचे लक्षण मी मानतो. विवाहनोंदवहीवर सही करून घेताना, वराचा धर्म स्वीकारणाऱ्या वधूंचे मी कितीदा अभिनंदन केले आहे! ‘मुली, तू मागे काय ठेवून आलीस?’ असे मात्र एकीलाही विचारले नाही.

१९७१ साली ईडिथ निवर्तली. कथेत मृतांचा अधिपती मांडोस याच्यापुढे ल्यूथिएन गाते आणि त्याला पाझर फुटून बेरेन परत येतो. पुढच्या वर्षी शिळेवरील नावाविषयी मुलाला लिहिताना वृद्ध टॉल्किन यांनी म्हटले की कथेने भलतेच वळण घेतले आहे: मागे राहिलो तो मी, आणि मांडोसची विनवणी मला करता येत नाही.