जाळायचं काय, जपायचं काय?



डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. महारवाडा जावा, भीमनगर, समतानगर यावं. चांगलंच झालं. पण आपले काही तरुण विचारतात, मग ती नावं लिहिलेले जुने नकाशे तरी कशाला? जाळा. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळलीच ना?

प्रश्न खरा आहे. उत्तर घाईनं देऊ नका.

मी काष्टीचा. आमच्या दक्षिणेला भीमा, पलीकडं दौंड. नदीच्या काठानं खाली गेलं की इंदापूर. तिथं १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नवी मोजणी-जमाबंदी लावली. साखळी तेहतीस फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आज मात्र हेक्टर-आरचा हिशेब. अशा मोजणीतून हातानं काढलेले गावनकाशे आले : शेतांचे नंबर, ओढे, विहिरी, वाटा, हद्दी. काढले साऱ्याच्या वसुलीसाठी, आपल्यासाठी नव्हे.

पण गावची शीव दाखवायची कुणी? शीव राखणं, तिच्या तंट्यात साक्ष देणं हे महाराचं वतनी काम. ज्याला गावात अंग चोरून चालावं लागे, त्याच्याच पायानं गावाची हद्द ठरे. यात मोठेपणा कसला? गुलामीच ती. म्हणून तर १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतन कायदा बदलायला कौन्सिलात बिल आणलं. नकाशावर नाव साहेबाचं. आमच्या आज्या-पणज्यांचे नुसते पाय.

मनुस्मृती हा हुकूम होता. हुकूम जाळावाच लागतो. नकाशा ही साक्ष आहे. वस्ती कुठं ढकलली, पाणी किती लांब ठेवलं, ते तो सांगतो. १९५८ च्या कायद्यानं वतन संपलं. पण वतनाची जमीन कुणाच्या घशात गेली, हे विचारायला हातात कागद लागतो.

२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजायला घेतली. ड्रोनला आजचं कुंपण दिसतं. ते कधी, कुठून सरकलं, हे त्याला काय ठाऊक? जुना नकाशा संगणकावर घेऊन उपग्रहाच्या चित्रावर बसवला, की बुजवलेली विहीर आणि नांगरलेली वाट उघडी पडते.

तेव्हा ते नाव पाटीवरून काढा, दाखल्यावरून काढा, लोकांच्या जिभेवरून काढा. जुन्या कागदावरचं मात्र खोडू नका. नाहीतर उद्या हेच म्हणतील, असलं काही नव्हतंच. पुरावा गुन्हेगार जाळतो. आपण का जाळायचा?

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा. आपल्या गावच्या नकाशाची नक्कल मागा. चारजण बसून वाचा.

जय भीम.