दोघेही राजी, मग चूक कुठे?



मागच्या महिन्यात तरुणांच्या अभ्यासवर्गात एकाने आम्हांला चांगलेच अडवले. तो जागांची दलाली करतो. चोरीविषयीच्या सातव्या आज्ञेवर बोलणे चालले होते. तो म्हणाला, "फादर, विकणारा खूश, घेणारा खूश. विकणाऱ्याने मला वेगळे चार पैसे दिले ते राजीखुशीने दिले. घेणाऱ्याला ते माहीत नाही, पण त्याला हवी ती जागा मिळाली. मग चोरी झाली कोणाची?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि उत्तर या पानावर देऊ असे सांगून वेळ मारून नेली.

उत्तरासाठी जागेचेच उदाहरण घेतले, तर अर्ध्या धर्मग्रामाला वाटेल की फादरांनी आपल्यावरच लिहिले आहे. म्हणून आम्ही दूरचा धंदा निवडला आहे, शर्यतीच्या घोड्यांचा. आपल्या धर्मग्रामात असा घोडा कोणाकडेच नाही, तेव्हा रागावणार कोण? पुण्यात तत्त्वज्ञान शिकत असताना पावसाळ्यात रेसच्या दिवशी कॅम्पात उसळणारी गर्दी आम्ही पाहत असू. या धंद्याविषयी कुतूहल तेव्हापासूनचे.

अमेरिकेत केंटकी राज्यातले लेक्सिंग्टन आणि इंग्लंडमधले न्यूमार्केट ही या व्यापाराची दोन मोठी ठिकाणे. तेथे साधारण वर्षाची शिंगरे लिलावात विकली जातात. त्या शिंगराच्या पाठीवर बसून अजून कोणी शर्यत धावलेला नसतो. खरेदीदार पाहतो काय? आईबापांची वंशावळ, चाल, पायांची ठेवण, डॉक्टरने काढलेले एक्स-रे. एवढे पाहूनही अंदाज चुकतात. १९७५ साली साडेसतरा हजार डॉलरला विकले गेलेले ‘सिॲटल स्लू’ नावाचे शिंगरू १९७७ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकून गेले. उलट २००६ साली ‘द ग्रीन मंकी’ हा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला गेला आणि आयुष्यात एकही शर्यत जिंकला नाही. त्या दोन्ही सौद्यांत लबाडी होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सांगायचे एवढेच की या मालाची खरी किंमत कोणालाच माहीत नसते.

म्हणून धनवान मालक एजंट नेमतो. हा मालक दुसऱ्याच कुठल्या धंद्यात श्रीमंत झालेला असतो, घोड्यातले त्याला कळत नाही. एजंटला कळते. त्याची उघड दलाली बहुधा शेकडा पाच. आता खोटेपणा शिरतो तो कसा, ते पाहा.

समजा, शिंगरू वाढवणाऱ्याला साठ हजार पौंड मिळाले तरी तो समाधानी आहे. एजंटला ठाऊक आहे की आपला मालक लाखापर्यंत जाईल. तो लिलावाआधी विकणाऱ्याला गाठतो आणि म्हणतो, साठाच्या वर जे येईल ते आपण दोघे अर्धे अर्धे घेऊ. लिलावात बोली वाढवायला आपलाच एक माणूस उभा करता येतो. हातोडा लाखावर पडतो. मालक टाळ्यांच्या गजरात सही करतो, वर एजंटला पाच हजार दलाली देतो, आणि आपल्याच खिशातले वीस हजार मागच्या दाराने एजंटकडे गेले हे त्याला कधी कळत नाही. दुसरी रीत आणखी सोपी. एजंट आधी दुसऱ्याच्या नावाने घोडा स्वतः घेतो आणि वाढीव भावाने आपल्याच मालकाच्या गळ्यात मारतो.

तिसरा प्रकार दिसायला निरुपद्रवी आहे. इंग्लंड-आयर्लंडच्या घोडेबाजारात जुनी प्रथा अशी की सौदा झाला की विकणाऱ्याने शुभशकुन म्हणून थोडे पैसे घेणाऱ्याच्या हातावर परत ठेवायचे. आपल्या आठवडी बाजारातल्या म्हाताऱ्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही. कालांतराने ते पैसे घेणाऱ्याऐवजी त्याच्या एजंटच्या हातावर पडू लागले, आणि शकुनाचे नाव मात्र तसेच राहिले. आपल्याकडेही मालकाच्या नोकराला दुकानदाराकडून मिळणाऱ्या पैशाला ‘दस्तुरी’ म्हणत. दस्तूर म्हणजे रीत. रीत म्हटले की विचारायची सोय उरत नाही!

याच न्यूमार्केटला टॅटरसॉल्स या लिलावगृहात आजही बोली गिनीत लागते. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, म्हणजे एक पौंड आणि वर एक शिलिंग. पूर्वी पौंड विकणाऱ्याचा आणि वरचा शिलिंग लिलाववाल्याचा, असा हिशेब होता. बोलीच्या नाण्यातच दलाली सर्वांसमोर सांगितलेली असे. मध्यस्थाने पैसे घेण्यात गैर नाही. आमच्या त्या तरुणाने हे नीट लक्षात घ्यावे, कारण दलाल म्हटले की लोक नाक मुरडतात आणि तेही अन्यायाचे आहे.

आता त्याचा प्रश्न. चोरी कोणाची झाली?

वरच्या उदाहरणात पैसेच गेले, ते सोडून देऊ. अवघड उदाहरण घेऊ. मालकाने योग्य किमतीत चांगला घोडा घेतला. विकणाऱ्याने आपल्या वाट्यातून एजंटला गुपचूप पाकीट दिले. मालकाचा एक पैसाही जास्त गेला नाही. आता?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर लिहिताना घोड्याचेच उदाहरण घेतले आहे. घोड्याला एकच डोळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसते, विकणाऱ्याने ओरडून सांगायला नको. पण दडलेला दोष सांगितलाच पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आम्हांला वाटते, पाकीट घेतलेला एजंट हाच या सौद्यातला दडलेला दोष आहे. मालकाने घोडा विकत घेतला, पण त्याआधी त्याने एजंटचे डोळे विकत घेतले होते. ते डोळे दुसऱ्या कोणी आधीच घेऊन ठेवले होते, ही गोष्ट त्याला सांगितली गेली नाही. एजंटने ‘घोडा चांगला आहे’ असे खरे सांगितले तरी ते आता खरेपणाने सांगितलेले राहत नाही. योगायोगाने ते खरे निघाले, इतकेच.

बायबलमधला गेहजी आठवा. संदेष्टा अलीशाने नामानाला कुष्ठरोगातून बरे केले आणि भेट नाकारली. चाकर गेहजी मागून धावत गेला आणि धन्याच्या नावाने चांदी व कपडे मागून घेतले. नामानाने मागितल्याच्या दुप्पट चांदी आनंदाने दिली. अलीशाचे दमडीचेही नुकसान झाले नाही. देणारा राजी, घेणारा राजी! तरी परत आल्यावर धन्याने कुठे गेला होतास असे विचारले, तेव्हा गेहजीला खोटे बोलावे लागले. जे उजळ माथ्याने सांगता येते ते त्याने सांगितलेच असते.

एक आमचाही अनुभव सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात चर्चच्या ओट्यासाठी लाद्या घेतल्या. दुकानदाराने आमच्या खोलीसाठी एक टेबलफॅन पाठवला. उन्हाळा होता, आम्ही ठेवून घेतला. पहिल्याच पावसानंतर लाद्या उखडू लागल्या. लोक म्हणाले, फादर, त्याला चार शब्द सुनवा. आम्ही म्हणालो, लादी तशी बरी आहे, गवंड्याचे काम कच्चे असेल. हे बोलताना आम्ही खोटे बोलतो आहोत असे आम्हांला वाटलेही नाही. लादी खरोखरच बरी दिसत होती! पंख्याची किंमत ओट्याला किती पडली, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

घोड्यांच्या धंद्यातले लोक झोपलेले नव्हते. जेस जॅक्सन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या मद्यउत्पादकाने २००५ साली आपल्याच सल्लागारांवर दावा लावला आणि कायद्यासाठी खटपट केली. २००६ मध्ये केंटकीने कायदा केला. एकाच सौद्यात दोन्ही बाजूंचा एजंट व्हायचे असेल तर दोघांची आधी लेखी संमती हवी, आणि ५०० डॉलर वा अधिक रकमेचा लाभ लपवून ठेवता येणार नाही. ब्रिटनमध्ये जस्टिन फेलिस यांचा चौकशी अहवाल २०१९ साली आला आणि २०२२ मध्ये नवी आचारसंहिता लागू झाली. गैरव्यवहार करणारे थोडेच आहेत, पण ज्यांना झळ बसते ते भीतीने बोलत नाहीत, असे त्या अहवालातून दिसले.

या भीतीपाशी आम्ही थबकतो. वर्षाला दोन-तीन शिंगरे वाढवणारा लहान शेतकरी घ्या. घोडीचा खर्च, नराचे शुल्क, डॉक्टर, चारा, सगळे एका दिवसाच्या लिलावावर. एजंट सूचक बोलतो. पाकीट दिले नाही तर तो आणि त्याचे मित्र तुमच्या शिंगरासमोर थांबणारच नाहीत, ‘पाय जरा वाकडे आहेत’ एवढी कुजबूज पुरते. हा शेतकरी पाकीट देतो. त्यालाही ‘राजी’ म्हणायचे काय? आमच्या मते तो एजंटच्या पंगतीला बसत नाही. पण त्याच्या पाकिटामुळे शेजारच्या गोठ्यातल्या माणसालाही पुढच्या वर्षी पाकीट द्यावे लागते, हेही तितकेच खरे. त्याने नाही म्हणावे, असे वेदीवरून सांगणे आम्हांला सोपे आहे. आमचे शिंगरू लिलावात नाही.

हे सर्व त्या तरुणाला गेल्या रविवारी मिस्सानंतर थोडक्यात सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "म्हणजे फादर, मी दोन्हीकडून घेतो हे दोघांनाही सांगू? सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात जाईल. तो सांगत नाही." आम्ही म्हणालो, सांग. पण त्याच्या घरच्या हप्त्यांचे काय, याचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. येत्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला अभ्यासवर्गात याच मुद्द्यावर पुढे बोलायचे ठरले आहे. दलाली करणाऱ्यांनी, दुकानदारांनी आणि सोसायट्यांच्या कमिट्यांवर असलेल्यांनी आवर्जून यावे.

आपले धर्मगुरू