हात आपोआप कमरेकडे गेला



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्यातले एक गृहस्थ मागे थांबले. काजूचा त्यांचा व्यापार. हंगामात चंदगड-आजऱ्याकडच्या खेड्यांतून रोख रक्कम घेऊन फिरावे लागते, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. व्हरांड्यात चहा घेता घेता त्यांनी जे सांगितले ते पापनिवेदनातले नाही आणि त्यांच्या परवानगीनेच मी ते लिहीत आहे, हे आधीच स्पष्ट करतो. नाहीतर येत्या शनिवारी पापनिवेदनाला कोणी फिरकायचे नाही!

मार्च महिना होता, उसाचा हंगाम संपत आला होता. आजऱ्याहून परतताना तिन्हीसांजेला त्यांच्यापुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. तो बाजू देईना. शेवटी यांनी गाडी पुढे काढली, ट्रॉलीतल्या उसाला आरसा घासला आणि फुटला. दोघेही उतरले. ट्रॅक्टरवरचा पोरगा विशीतला, त्याच्या हातात लोखंडी टॉमी होती. ती त्याने मारायला उचलली होती की चाक बघायला, हे यांना आजही सांगता येत नाही. बोलाचाली झाली, पोरगा एक पाऊल पुढे आला आणि यांचा हात शर्टाखाली गेला. तेवढ्यात मागच्या ट्रॉलीवरून एक बाई लेकराला कडेवर घेऊन खाली उतरली, ओरडली, आणि हात तिथेच थांबला. रिव्हॉल्व्हर बाहेर आलेच नाही. त्या पोराला तर काही कळलेही नाही.

"फादर, मी काही ठरवलं नव्हतं," ते म्हणाले. "हात आपोआप गेला. शिकवलं होतं अगदी तसा." आणि मग विचारले, "काही घडलंच नाही, मग हे माझ्या मनातून जात का नाही?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही असल्या प्रश्नांवर तासन्‌तास वाद घालायचो. पण तिथल्या उदाहरणांतले चोर आणि घरमालक पुस्तकातले होते. इथे माणूस समोर बसला होता आणि त्याचा चहा गार होत होता.

त्यांनी शिकून घेतले यात चूक काय? उलट न शिकता हत्यार बाळगणे ही चूक. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना मागणाऱ्याने हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि ते योग्यच आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहूच्या राहत्या घरी अभिनेता गोविंदा यांच्या पायात गोळी शिरली, ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून. शत्रू कोणी नव्हता, झटापट नव्हती. घरात लहान मुले असताना भरलेले हत्यार कपाटात कपड्यांखाली ठेवणारा माणूस आत्मसंरक्षण करत नाही, तो घरात साप पाळतो.

पण आपल्या गृहस्थांनी त्यापुढचेही शिक्षण घेतले होते. शहरात एका शिक्षकाकडे ते काही दिवस गेले. शर्ट बाजूला सारणे, हत्यार उपसणे, छातीवर दोन गोळ्या. पुन्हा शर्ट, पुन्हा उपसणे. शेकडो वेळा. नेमबाजी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक आणले. आपल्याला त्यांचा अभिमान आहे. त्यांच्या हातांनीही तीच क्रिया हजारो वेळा केली असेल. फरक एवढाच की त्यांच्यासमोरच्या निशाणावर वर्तुळे असतात. आपल्या गृहस्थांच्या निशाणावर माणसाची आकृती होती.

इथे मला संत थॉमस अक्वायनस आठवतात. 'सुम्मा'मध्ये (भाग दुसऱ्याचा दुसरा, प्रश्न ६४, कलम ७) ते विचारतात की स्वतःचा जीव वाचवताना दुसऱ्याला मारणे योग्य आहे का. त्यांचे म्हणणे असे की एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक आपल्या मनात असलेला आणि दुसरा मनात नसलेला. जीव वाचवणे हा हेतू असेल, आणि त्यात हल्लेखोर मेला, तर ती कृती पाप ठरेलच असे नाही. अट एकच, गरजेपेक्षा अधिक बळ वापरायचे नाही. मात्र एखाद्या खाजगी माणसाने मारण्याचाच हेतू धरणे त्यांना मान्य नाही. त्यांच्या आठशे वर्षे आधी संत ऑगस्टीन तर याहून कडक होते. सैनिक किंवा अधिकारी दुसऱ्यांच्या रक्षणासाठी मारतो ते वेगळे, पण केवळ स्वतःसाठी मारण्याचा सल्ला त्यांना पसंत नव्हता. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्रमांक २२६३ ते २२६५) संत थॉमस यांच्या बाजूने उभा आहे, आणि ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याला तर रक्षण हे कर्तव्यच म्हणतो.

हे सारे मी त्यांना सांगितले. ते ऐकून घेत होते. पण सांगता सांगता मलाच अडखळल्यासारखे झाले. संत थॉमस हेतूबद्दल बोलतात आणि त्या क्षणाबद्दल बोलतात. ज्याने तो क्षण येण्याआधीच शंभर संध्याकाळी छातीवर नेम धरला आहे, त्याचा हेतू नेमका कधी घडला? त्या रस्त्यावर? तिथे तर हात विचाराच्या पुढे धावला. हेच संत थॉमस दुसरीकडे शिकवतात की वारंवार केलेल्या कृतीतून सवय बनते, आणि सवयीतूनच सद्‌गुण किंवा दुर्गुण अंगी मुरतो. तेव्हा रस्त्यावर जे दिसले ते आधीच पेरलेले होते. त्यांच्या मनातून ते जात नाही याचे कारण माझ्या मते हेच. पोराला मारण्याची इच्छा त्यांना नव्हती, पण हाताला ती शिकवलेली होती.

इथे दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २९ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या व्हाइट सेटलमेंट या गावी एका चर्चमध्ये उपासना चालू असताना एका माणसाने बंदूक काढून दोघांना ठार केले. त्याच चर्चच्या सुरक्षा पथकातल्या एका सदस्याने अवघ्या सहा सेकंदांत त्याला गोळी घातली. तो सदस्य इतरांना नेमबाजी शिकवणारा होता. त्या दिवशी त्याचा हात विचार करत बसला असता तर आणखी किती जण गेले असते? त्या चर्चमधल्या आयांना मी संत थॉमस यांचे कलम वाचून दाखवायला जाणार नाही. रक्षणाचे कर्तव्य म्हणतात ते हेच. पण बघा, तिथे लोकांची जबाबदारी सोपवलेला माणूस होता, गोळीबार सुरू झालेला होता, दोघे पडलेले होते. आजऱ्याच्या रस्त्यावर एक फुटलेला आरसा होता.

कायदाही हा फरक ओळखतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आत्मसंरक्षणाचा हक्क दिला आहे. कलम ३७ सांगते की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचाही नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, चक्क अधिकाऱ्याच्या खोलीत, कल्याण पूर्वच्या तेव्हाच्या आमदारांनी परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या आणि आत्मसंरक्षणासाठी झाडल्या असे सांगितले. निवाडा करणे न्यायालयाचे काम, माझे नाही. मला एवढेच दिसते की कमरेला हत्यार असले की 'आत्मसंरक्षण' हा शब्द रबरासारखा ताणता येतो. त्यात मान बसते, मुलगा बसतो, जमीन बसते. उद्या आरसाही बसेल.

पवित्र शास्त्रात याबाबत एक फार बारीक नियम आहे, तो आपण सहसा वाचत नाही. निर्गम २२:२-३ मध्ये म्हटले आहे की रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तदोष नाही, पण सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. चोर तोच, घर तेच. उजेडात तुम्हाला दिसते की तो फक्त चोर आहे, मदतीला हाक मारता येते, त्याचा चेहराही दिसतो. गंमत म्हणजे न्याय संहितेच्या ४१ व्या कलमातही घरफोडीबद्दल सूर्यास्त ते सूर्योदय हीच वेळ धरलेली आहे. आणि १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी काही धर्मपंडितांचे एक मत निषिद्ध ठरवले. ते मत होते, एका सोन्याच्या नाण्यासाठी चोराला मारता येते. म्हणजे हा हिशेब मांडण्याचा मोह शहाण्यांनाही झाला होता.

मग आमचे बोलणे पैशांवर आले. मी विचारले, "पिशवीत किती असतात?" त्यांनी आकडा सांगितला. "ती पिशवी मागितली तर देऊन टाकाल?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला हे कोणी विचारलंच नव्हतं, फादर. तिथे फक्त काढायचं कसं ते शिकवलं."

माझे मत विचाराल तर कमतरता इथेच आहे. हत्यार कशासाठी काढायचे नाही हे घरी, दिवसाउजेडी, बायकोमुलांसमोर ठरवलेले असले पाहिजे, आणि त्याचाही सराव झाला पाहिजे. गाडीतून न उतरण्याचा सराव. पिशवी खाली ठेवून मागे सरकण्याचा सराव. आरशाचे पैसे सोडून देण्याचा सराव. जो हे करायला तयार नाही त्याने परवाना परत करावा असे मी म्हणेन. हे काहींना आवडणार नाही, माहीत आहे. गेथशेमानीच्या बागेत पेत्राजवळही तलवार होती. सराव कोळ्याचा, त्यामुळे मल्खाचा कानच तेवढा गेला (योहान १८:१०). तो तरबेज असता तर? प्रभूने तो कान बरा केला असे लूक लिहितो. आपण कापलेले आपल्याला जोडता येत नाही.

आपल्या धर्मग्रामातल्या एका निवृत्त हवालदारांशीही मी बोललो. ते म्हणाले, "फादर, फौजेत पहिला धडा असा, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. आणि हुकूम असल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. इथे सिव्हिलमध्ये हुकूम देणारा कोण? तोच आणि गोळी मारणारा पण तोच." आचारसंहितेच्या काळात हत्यार पोलिस ठाण्यात जमा करावे लागले, ते आठवडे कसे गेले हेही मी आपल्या व्यापारी बंधूंना विचारले होते. त्या दिवसांत ते अंधार पडायच्या आत घरी यायचे, सोबत भाच्याला न्यायचे आणि मोठी रक्कम बँकेतून पाठवायचे. "म्हणजे जमत होतं की!" मी म्हणालो. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. रिव्हॉल्व्हर अजून त्यांच्याकडेच आहे.

आपल्या धर्मग्रामात परवाने असलेली आणखी काही घरे आहेत. गवे-डुकरांसाठी शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, बँकेवर पहारा देणाऱ्यांची आहे. येत्या तिसऱ्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हवालदार आणि मी या सर्वांसोबत सभागृहात बसणार आहोत. पत्नींनीही यावे, कारण कपाट त्याच उघडतात. चहा आहे. हत्यारे कृपया घरी कुलपात ठेवून यावीत.

आपला,
फादर