कवडसा

वारकरी सज्जनहो, हरिपाठ आटोपून बिद्रीच्या शिवारात उघड्यावर बसावे, तो एखादा ठिपका चांदण्यांतून सरळ चालत जाताना दिसतो. तो तारा नव्हे, माणसाने सोडलेला उपग्रह. त्याच्या अंगी स्वतःचे तेज नाही. आपल्याकडे दिवस मावळला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असते. ते अंगावर पडते म्हणून तो दिसतो.

यांतले इरिडियम नावाचे उपग्रह १९९७ पासून वर गेले, दूरध्वनीसाठी. उंची सुमारे ७८० किलोमीटर. प्रत्येकाला दाराएवढ्या तीन चकचकीत सपाट अँटेना, जणू आरसेच. एखादा आरसा नेमक्या कोनात आला, की मंद ठिपका वाढत वाढत शुक्राहून कितीतरी तेजाळ होई आणि काही सेकंदांत विझे. हौशी निरीक्षक गणिताने वेळ आधीच काढीत आणि घड्याळ घेऊन अंगणात उभे राहत. ज्याला हे ठाऊक नसे, तो हात जोडून मोकळा होई!

पण तो झोत सर्वांना सारखा नसे. जमिनीवर त्याचा मुख्य कवडसा दहाएक किलोमीटर रुंद. बिद्रीत लखलखाट झाला, तर कोल्हापुरात त्याच वेळी साधा ठिपका. मग कोल्हापूरकराने काय म्हणावे, माझे पुण्य कमी पडले?

आम्ही हे उगीच विचारीत नाही. वीस-वीस वर्षे वारी केलेली माणसे हळूच म्हणतात, "महाराज, अमक्याला कीर्तनात अनुभव आला. आम्हाला कधी काहीच नाही. आमचं काय चुकलं?" ही व्यथा लहान नव्हे. तिच्यापायी माळ उतरवून ठेवावी असेही कुणाच्या मनात येते. (अनुभव आलेला तेवढ्यावर बुवा होऊन बसतो, ते निराळेच.)

बाबांनो, कवडसा कुठे पडावा हे पाहणाऱ्याने ठरविलेले नसते. ज्याला तो दिसला नाही, त्याच्याही डोक्यावरून तोच उपग्रह गेला, त्याच उन्हात. आणि चमकणे हे काही त्याचे काम नव्हते. काम निरोप पोचविण्याचे. न चमकलेल्या रात्रीही ते चाललेच होते. तुमच्या पायांनी वाट तुडविली, मुखाने नाम घेतले, ते कुठे वाया गेले?

२०१७ ते २०१९ या काळात त्यांच्या जागी नवे उपग्रह गेले. त्यांना तसले आरसे नाहीत. जुने बहुतेक खाली आणून वातावरणात जाळले. तो लखलखाट आता जवळजवळ संपला. निरोप अजून जातात.