वेळेवर निघून जाणे : सिकलसेल आणि तंतुकणिका

तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीचे ऊर्जाकेंद्र होय, ही शालेय व्याख्या इतकी रुळली आहे की तंतुकणिका जितक्या जास्त आणि जितक्या कार्यक्षम, तितके आरोग्य उत्तम, असे गृहीत धरले जाते. विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत आढळणाऱ्या सिकलसेल आजारावरील अलीकडचे संशोधन मात्र या गृहीतकाला छेद देते. कारण या आजारात तंतुकणिकांची उणीव नव्हे, तर जिथून त्या निघून जायला हव्यात तिथेच त्यांचे टिकून राहणे अपायकारक ठरत असल्याचे दिसू लागले आहे.

या प्रश्नाचे भौगोलिक क्षेत्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. मध्य भारतातील सिकलसेलच्या वाहकांची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये केली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूर–रायपूर लोहमार्गावरील हे पोलादनगर ज्या पट्ट्यात वाढले, त्याच पट्ट्यात सिकलसेलचे जनुक पिढ्यान् पिढ्या वावरत आले आहे. रायपूर जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील नऊ टक्क्यांच्या आसपास मुले वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेली (‘एएस’), असल्याचे आढळले. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते.

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 सालीच दाखवून दिले होते. प्राणवायू सोडून दिल्यावर हे सदोष हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनवते, त्यामुळे तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते, केशवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदनांचे झटके येतात. परंतु तोच जनुकीय दोष असूनही एका रुग्णाला वर्षातून अनेकदा रुग्णालय गाठावे लागते, तर दुसऱ्याचे बालपण जवळजवळ निर्वेध जाते, याचे पुरते उत्तर केवळ हिमोग्लोबिनमध्ये सापडत नाही.

निरोगी तांबडी पेशी घडताना तंतुकणिकांची भूमिका दुहेरी असते. हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त ‘हीम’ तयार होण्याचे पहिले आणि शेवटचे टप्पे तंतुकणिकेतच पार पडतात. मात्र हे काम संपत आले की पेशी आधी केंद्रक बाहेर टाकते आणि नंतर ‘मायटोफॅजी’ या प्रक्रियेने, म्हणजे तंतुकणिका वेचून पचवून, त्यांच्यापासूनही मुक्त होते. त्यानंतरचे सुमारे 120 दिवसांचे आयुष्य ती केवळ ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर काढते आणि म्हणूनच इतर ऊतींसाठी वाहून न्यायचा प्राणवायू ती स्वतः वापरत नाही. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये ही आवराआवर अर्धवट राहते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगदीश्वरन आणि सहकाऱ्यांना या आजारातील तांबड्या पेशींमध्ये तंतुकणिका शिल्लक राहिलेल्या आणि त्यांच्यासोबत पेशीला इजा करणारी प्राणवायूची क्रियाशील रूपे वाढलेली आढळली. तसेच मायटोफॅजीला चालना देणाऱ्या औषधांनी हे प्रमाण घटू शकते, असेही प्रायोगिक पातळीवर दिसून आले.

तंतुकणिकेला 16,569 अक्षरजोड्यांचा स्वतःचा डीएनए असतो आणि तिचे मूळ प्राचीन जिवाणूंत असल्याने पेशीबाहेर सांडलेला हा डीएनए शरीराच्या संरक्षणयंत्रणेला परका वाटतो. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तद्रवात असा डीएनए वाढलेला असतो आणि तो पांढऱ्या पेशींना चेतवून दाह वाढवू शकतो, असे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनातून पुढे आले. वेदनेच्या झटक्यांमागे अडकलेल्या पेशींइतकाच सततचा दाहही असतो, या जुन्या निरीक्षणाला त्यातून एक संभाव्य कारण मिळते.

तरीही संभाव्य कारण आणि सिद्ध कारण यांतील अंतर राखणे आवश्यक आहे. सिकलसेलमध्ये पेशी लवकर नष्ट होत असल्याने अस्थिमज्जा अपक्व पेशी मोठ्या प्रमाणात रक्तात सोडते आणि अशा पेशींत तंतुकणिका असणे स्वाभाविकच असते. शिवाय ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते, त्यांच्या नमुन्यात दात्याच्या पेशीही मिसळलेल्या असतात. पक्व पेशी वेगळ्या काढून, रक्त ताजे असतानाच मोजमाप करणारी प्रयोगशाळा रुग्णाच्या जवळ असेल, तरच अशा अभ्यासाला अर्थ राहतो.

संशोधन रुग्णाच्या प्रदेशातच का व्हावे, याचे दुसरे कारण नागपूरच्या अनुभवात आहे. भारतात आढळणारा ‘अरब-भारतीय’ जनुकीय प्रकार सौम्य असतो, हा समज तेथील बालरुग्णांच्या नोंदींनी डळमळीत केला; आणि दर किलो वजनामागे रोज 10 मिलिग्रॅम इतक्या अल्प, स्थिर मात्रेतील हायड्रॉक्सियुरिया हे औषध गंभीर आजार असलेल्या मुलांना उपयोगी पडते, हे डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दाखवले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, आणि खेड्यापाड्यांतील उपचारांत हा फरक निर्णायक असतो.

जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले होते. तपासणी वाहक आणि रुग्ण शोधते, पण कोणत्या रुग्णाचा आजार बळावेल, हे सांगत नाही. अभियानातून सापडलेल्या बालकांची वर्षानुवर्षे देखरेख करताना त्यांच्या पेशींत उरलेल्या तंतुकणिकांचे मोजमाप झाले, तर ही खूण भविष्य सांगणारी आहे की आजाराची केवळ सोबतीण, याचा निवाडा होऊ शकेल. आणि तो होईपर्यंत ‘तंतुकणिकांची शक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी पूरके या रुग्णांना सुचवण्यास शास्त्रीय आधार नाही.