होडी तीच, हात कोणाचे?

आम्हांस लाकडी होड्यांचे वेड आहे. वकिली करणाऱ्याने अशी कबुली पहिल्याच ओळीत देणे शहाणपणाचे नव्हे. परंतु जी शंका वाचकांपुढे ठेवावयाची आहे ती या वेडातूनच उद्भवली असल्याने लपवून उपयोग नाही.

कामानिमित्त उज्जयिनीस आमचे जाणे होते. महाकालाचे दर्शन झाले की पावले रामघाटाकडे वळतात. पलीकडे दत्त अखाड्याच्या बाजूस एका वृद्ध नावाड्याची जुनी नाव असते. ती आपल्या आजोबांची, असे तो अभिमानाने सांगतो. चौकशी केली तेव्हा कळले की तळाच्या फळ्या त्याच्या वडिलांनी बदलल्या, बाजूच्या त्याने स्वतः बदलल्या आणि वल्ही २०१६ च्या सिंहस्थापूर्वी नवी केली. मग आजोबांचे म्हणावे असे तीत उरले काय? उलटतपासणीच्या सवयीने आम्ही हे विचारले. त्यावर तो हसून म्हणाला, या पात्रात तरी क्षिप्रेचे पाणी किती आहे?

आम्ही निरुत्तर झालो. २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडण्याची व्यवस्था आहे. तरीही स्नान करणारा संकल्पात क्षिप्रेचेच नाव घेतो, आणि त्याने असत्य उच्चारले असे कोणी म्हणत नाही.

थीसिअसच्या जहाजाविषयी ग्रीकांनी हाच वाद घातला होता. आम्हांस मात्र त्याचे उत्तर आपल्या देवळांत अधिक स्पष्ट दिसते. महाकालाचे मंदिर तेराव्या शतकात इल्तुतमिशाने पाडले. आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी उभारविले. दगड नवे, तरी महाकाल तोच. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. देऊळ गेले, गाव सुटला, पण कोणाही महाजनाने हा दुसरा देव असे म्हटले नाही. कायद्याचेही मत याहून भिन्न नाही. १९२५ साली प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने कुलदेवतेची मूर्ती ही केवळ जंगम वस्तू नव्हे असे ठरविले. मूर्ती भंगली म्हणून देवस्थानाचा हक्क बुडत नाही, हे तत्त्वही आता रुळलेले आहे. जीर्णोद्धारात जुन्या मूर्तीतील कला कलशात काढून घेतात आणि नव्या मूर्तीत तिचा न्यास करतात.

होडीच्या बाबतीत हा कलश कोणता? आमच्या मते, दुरुस्त करणाराचा हात. माळव्याच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त नौकेच्या लाकडांचे चार वर्ण सांगितले आहेत आणि दोन जातींची लाकडे मिसळून केलेली नौका टिकत नाही, असे बजावले आहे. आमच्या नावाड्याच्या नावेत साग आहे, आंबा आहे, आणखीही काय काय आहे. ती भोजाच्याच प्रांतात सुखाने तरंगते. समुद्रावरील नौकेस लोखंडी खिळे वापरू नयेत, असेही त्या ग्रंथाचे सांगणे आहे. खिळ्यांवाचून काथ्याने शिवलेली ‘कौण्डिन्य’ ही नौका अलीकडे गोव्यात बांधली गेली आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. तिचा आकार अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून घेतला. परंतु काथ्याचा टाका चित्रात पाहून घालता येत नाही. त्यासाठी केरळातून बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी आणावे लागले. ते हात नसते, तर चित्र भिंतीवरच राहिले असते.

इथवर आमचे मन निःशंक होते. अडचण पुढेच आहे. त्या नावाड्याचा मुलगा मोटारदुरुस्ती शिकावयास गेला, हे कळताच आम्ही त्याला चार शब्द सुनावले: तीन पिढ्यांची विद्या अशी बुडवावी काय? त्याने शांतपणे विचारले, वकीलसाहेब, आपल्या घरी वकिली कितवी पिढी? आमचे आजोबा देवळात पूजाअर्चा करीत असत. वडिलांनी ते सोडले, आम्ही तर त्याचा विचारही केला नाही. जो मोकळेपणा आम्ही न मागता घेतला, तो दुसऱ्याच्या मुलाने घेताच आम्हांस संस्कृतीची आठवण झाली!

वेड आमचे आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घराने द्यावी, हा कोणता न्याय? कोणी म्हणेल, परंपरेपुढे व्यक्तीचे सुख गौण असते. हे म्हणणारा सहसा तीरावर उभा असतो. वल्हे त्याच्या हाती नसते. आमच्या बोटांस तासणीचा घट्टा पडलेला नाही. दुसरीकडे, ज्याची त्याची मर्जी, असे म्हणून हात झटकणेही आम्हांस जमत नाही. सोळाव्या शतकात देव निघाले तेव्हा वाटेत जुवारी होती. कोणाचे तरी व्हडें त्या वेळी पाण्यात लोटले गेले असेल. महाजनांची घराणी आम्हांस ठाऊक आहेत. त्या नावाड्यांपैकी एकाचेही नाव कोणत्याही देवस्थानाच्या वहीत आमच्या पाहण्यात नाही. हे ऋण खरे आहे. पण ऋणकोने धनकोच्या वंशजास, तू आहेस तेथेच थांब म्हणजे मला तुझे ऋण आठवत राहील, असे सांगणे हा व्यवहार कोणते कोर्ट मान्य करील?

ती विद्या हवी असेल तर तिचे मोल मोटारदुरुस्तीहून कमी असून चालणार नाही. आणि शिकणारा नावाड्याचाच मुलगा का असावा, आमचा का नको, यासही आमच्याजवळ उत्तर नाही. घरी हा विषय काढला तेव्हा चिरंजीव नुसते हसले.

मागच्या खेपेस गेलो तेव्हा नाव काठावर पालथी घातली होती. तळाची एक फळी कुजली होती. सागाच्या फळीची किंमत विचारून आम्ही पैसे देऊ केले. त्याने ते मोजून घेतले आणि फळी बसवावयास मुलगा रविवारी सुटीला येणार आहे, तेव्हा दोरी धरावयास या, असे सांगितले. आम्ही मुक्काम दोन दिवस वाढविला.