न चाललेले तीस मैल

२०२२ सालच्या नाताळाआधीचा आठवडा होता. संध्याकाळची प्रार्थना आटोपून आम्ही ओट्यावर बसलो असता धर्मग्रामातील एक तरुण भेटीस आला. हा मुलगा बरीच वर्षे अमेरिकेत स्थायिक आहे. त्या वर्षी नोकरीचा राजीनामा देऊन त्याने तेथील एका डोंगरवाटेवर साडेपाच महिने पायपीट केली होती, आणि त्या पराक्रमाबद्दल आपल्या तरुण मंडळाने दुसऱ्या दिवशी त्याचा सत्कार योजिला होता. नाक्यावर त्याच्या छायाचित्राचा फलक लागला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘३५०० किलोमीटर’ असा आकडा होता. अभिनंदनाचे चार शब्द आम्ही बोललो, तरी त्याचा चेहरा खुलेना. अखेरीस तो म्हणाला, “फादर, त्यातले तीस मैल मी चाललो नाही.”

हे त्याने पापनिवेदन म्हणून नव्हे, तर सल्ला मागण्यासाठी सांगितले, आणि नावगाव न देता लिहिण्यास त्याने आम्हांस मोकळीक दिली आहे. वाचकांनी त्या बाबतीत निश्चिंत असावे.

पेनसिल्व्हेनिया राज्यात ही वाट अणकुचीदार दगडांच्या राशींवरून जाते. तेथे त्याचा घोटा सुजला. चार दिवस त्याने गावात विश्रांती घेतली. परंतु बरोबरची मंडळी पुढे निघून चालली, हिवाळ्याआधी उत्तर टोक गाठायचे होते, आणि एका भल्या गृहस्थाने त्याला मोटारीने पुढच्या घाटापर्यंत नेऊन सोडले. तेथून तो शेवटपर्यंत चालला. पुढे संस्थेचा अर्ज भरताना ‘संपूर्ण वाट’ या शब्दांखाली त्याने सही केली. प्रमाणपत्र आले, कापडी बिल्लाही आला. त्याचा प्रश्न असा, की यात कुणाचे काय बिघडले?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. आम्हांलाही प्रथम तसाच वाटला. परंतु त्याचा निवाडा करावयाचा तर ती वाट काय आहे, हे थोडे जाणून घ्यावे लागते.

अ‍ॅपलेशियन ट्रेल नावाची ही पायवाट अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगररांगेतून दक्षिणेस जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्यांतून जाते. लांबी सुमारे २,२०० मैल. वाटेचे तुकडे इकडून तिकडे हलवावे लागत असल्याने हा आकडा दरवर्षी थोडाफार बदलतो. बेंटन मकाय या वननियोजकाने १९२१ साली वास्तुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकात तिची कल्पना मांडली. शहरातील श्रमिकांना डोंगरात विसावा मिळावा, हा त्याचा हेतू. वाट प्रत्यक्षात उतरविली ती मात्र मायरन एव्हरी या वकिलाने, गावोगावच्या स्वयंसेवकांना हाताशी धरून. दोघांचे पुढे इतके बिनसले, की त्यांचे बोलणे तुटले. (स्वप्न पाहणारा आणि काम उरकणारा यांचे एका छपराखाली फारसे जमत नाही, हे धर्मग्रामाच्या कोणत्याही समितीत बसलेल्यास सांगावयास नको.) १९३७ साली वाट सलग झाली. तिच्या कडेच्या झाडांवर आणि खडकांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगविलेले आहेत. एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंत चालत राहावयाचे, एवढाच तेथला विधी.

जे एका दमात सारी वाट चालावयास निघतात, त्यांतील चारांपैकी जेमतेम एक शेवटास पोहोचतो. आणि येथेच आमच्या विषयाशी संबंधित गोष्ट येते. पोहोचलेल्यांची नोंद ठेवणारी संस्था कोणतीही तपासणी करीत नाही. ती साक्षीदार मागत नाही, छायाचित्रे मागत नाही. मनुष्याने आपल्या हाताने लिहावयाचे, की आपण प्रामाणिक प्रयत्नाने सारी वाट चाललो. संस्था ते मानते. किती दिवसांत चालला, कोणत्या दिशेने चालला, एका वर्षात की वीस वर्षांत, ओझे स्वतः वाहिले की दुसऱ्याने पुढे नेऊन ठेविले, याच्याशी तिला कर्तव्य नाही. वणवा, पूर वा वादळ आल्यास पर्यायी वाटेने गेलेलेही चालते. थोडक्यात, जेथे माणसाचे चालणार नाही तेथे नियम लवचीक आहे.

याचे एक उदाहरण आम्हांस फार आवडले. मेन राज्यात केनेबेक नावाची रुंद नदी वाटेला आडवी येते. वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटेल याचा नेम नाही. १९८५ साली नदी ओलांडताना एक पदयात्री बुडून मरण पावली. १९८७ पासून तेथे होडीची सोय करण्यात आली. आता ‘चालण्याच्या’ वाटेवर होडीत बसणे म्हणजे व्रतभंग नव्हे काय? तर त्या होडीच्या तळावर आतल्या बाजूस एक पांढरा पट्टा रंगविला आहे. होडी हीच तेथली वाट. कुणी जिवावर उदार होऊन पोहत गेला, तर तो अधिक प्रामाणिक ठरत नाही. आम्ही त्या मुलास हे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “होय फादर, मी त्या होडीत बसलो, पण माझ्या त्या मोटारीत पट्टा नव्हता.” आमच्या मते अर्धा निवाडा त्याने तेथेच दिला.

तरीही त्याच्या बाजूने बोलावयास जागा आहे, आणि ती सर्वांत थोर साक्षीदाराच्या आयुष्यात आहे. ही वाट एका दमात चालून गेल्याची पहिली नोंद अर्ल शेफर याच्या नावे आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर काम करून तो परतला होता. ज्या बालमित्रासोबत ही वाट चालण्याचा बेत होता, तो इवो जिमा बेटावर मारला गेला होता. युद्ध अंगातून चालून काढावे, म्हणून तो ४ एप्रिल १९४८ रोजी दक्षिणेकडून निघाला आणि १२४ दिवसांनी, ५ ऑगस्टला, कटाडिनवर पोहोचला. प्रथम संस्थेच्या धुरीणांनी विश्वास ठेवला नाही. मग त्याची रोजनिशी आणि छायाचित्रे पाहून त्यांची खात्री पटली. पुढे १९६५ साली उलट दिशेने आणि १९९८ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, तो ती वाट पुन्हा चालला. २००२ साली तो वारला. त्यानंतर २०११ साली एका वकिलाने ती जुनी रोजनिशी नकाशांशी ताडून पाहिली आणि अहवाल काढला, की १९४८ साली शेफरने दीडशेहून अधिक मैल टाळले होते. कोठे रस्त्याने गेला, कोठे वाहनात बसला.

मग तो खोटारडा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. युद्धकाळात वाटेची निगा राखली गेली नव्हती. खुणा पुसल्या होत्या, झाडे आडवी पडली होती. मागविलेल्या मार्गदर्शिका त्याला मिळाल्या नव्हत्या, रस्त्यांच्या साध्या नकाशावर तो चालला. ‘संपूर्ण’ या शब्दाचा आज जो काटेकोर अर्थ आहे, तो त्याच्या वेळी कुणी ठरविलाच नव्हता. ज्या नियमाचा जन्म झाला नाही तो मोडता येत नाही. आणि रोजनिशी त्याने जाळली नाही, जपून ठेवली; त्याच्यावरचा आरोप त्याच्याच हस्ताक्षरावर उभा आहे, हे विसरता कामा नये.

त्या मुलाने शेफरचा आधार घेऊ पाहिला, तेव्हा आम्हांस नाही म्हणावे लागले. शेफर चुकला असेल, तर वाट चुकला. याने सही केली तेव्हा शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक होता. सेमिनरीत आम्हांला एक जुना वाद शिकविला जाई: अर्धे वाक्य तोंडाने उच्चारावे आणि उरलेले मनात पुरे करावे, म्हणजे असत्याचा दोष लागत नाही, असे सतराव्या शतकातील काही पंडित म्हणत. १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी ही पळवाट निषिद्ध ठरविली. ‘मी संपूर्ण वाट चाललो’, आणि मनात, ‘म्हणजे जवळजवळ’. हे तेच.

परंतु बिघडले कुणाचे? येथे आम्ही बराच वेळ अडलो. पदक कुणाचे हिरावले गेले नाही, पैसा बुडाला नाही. मग त्यानेच सांगितलेल्या गोष्टी आम्हांस आठवल्या. चढाच्या माथ्यावर पाण्याच्या बाटल्या आणि फळे ठेवून निघून जाणारी अनोळखी माणसे. भिजलेल्या वाटसरूला घरात घेऊन जेवू घालणाऱ्या बाया. १९५५ साली एमा गेटवुड ही ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई, कापडी बुटांनिशी, घरी शिवलेली झोळी खांद्यावर टाकून ही वाट एकटी चालली, तीही पुष्कळदा अशाच परक्यांच्या ओसरीवर निजून. (आदल्या वर्षी ती वाट चुकली होती, चष्मा फुटला होता, आणि वनरक्षकांनी तिला घरी पाठविले होते. तिने ते लपविले नाही. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.) अंगणात उभ्या राहिलेल्या फाटक्या, घामट माणसाला हे लोक दार उघडतात, कारण तो सांगतो ते खरे असते असा त्यांचा अनुभव आहे. संस्थेचा तो कोरा अर्जही त्याच विश्वासावर टिकला आहे. तो विश्वास आधीच्या हजारोंनी, कुणी पाहत नसताना, मैल न मैल चालून जमा केला. आपल्या मुलाने त्या साठ्यातून तीस मैल उचलले. गावच्या विहिरीतून एक घागर नेली म्हणून विहीर आटत नाही, हे खरे. परंतु ती घागर त्याची नव्हती.

याच्या उलट टोकाचा आजारही त्या वाटेवर आढळतो. रात्रीच्या निवाऱ्याकडे जाणारी पोटवाट दोन ठिकाणी मुख्य वाटेला मिळत असेल, तर काही लोक सकाळी ज्या तोंडाने आत गेले त्याच तोंडाने बाहेर येतात. मधली वीस पावले चुकू नयेत म्हणून. १९९० साली बिल अर्विन हा आंधळा मनुष्य आपल्या कुत्र्याच्या सोबतीने, हजारो वेळा पडत धडपडत ती वाट चालून गेला. त्याचे एखादे पाऊल पट्ट्याबाहेर पडले असेल तर ते कोण मोजणार, आणि कशासाठी? नीतिशास्त्रात ज्याला ‘स्क्रुपल’ म्हणतात, त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा असा आहे, वहाणेत शिरणारा. खडा काढून टाकावा आणि चालावे. त्या मुलाला खुपत होते ते मात्र असा खडा नव्हे, हे त्याच्या तोंडावरून दिसत होते.

एवढे बोलून झाल्यावर आम्ही त्याला सल्ला द्यावयास हवा होता. परंतु आमची जीभ अडखळली, त्याचे कारण येथे लिहिणे भाग आहे.

१९८८ साली आमचे वडील काविळीने अंथरुणास खिळले होते. ते उठले, तर आपला मुलगा वसईहून बांदऱ्याच्या मोत माउलीला पायी जाईल, असा नवस आमच्या आईने केला. वडील उठले. सप्टेंबरच्या जत्रेत आम्ही दोन मित्रांसह पहाटे निघालो. वर्सोव्याच्या पुलावर पावसाने गाठले, काशीमीऱ्यापर्यंत पायांना फोड आले, आणि दहिसर नाक्यावर एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने हाक मारली. जोगेश्वरीला आम्ही उतरलो. तेथून बांदऱ्यापर्यंत चाललो, मेणबत्ती लावली, परत आलो. आईने आमचे पाय गरम पाण्यात धुतले. ते फोड खरे होते, म्हणून तिने काही विचारले नाही. आणि पुढे वीस वर्षे, आम्ही धर्मगुरू झाल्यानंतरही, ती पाहुण्यांना सांगत असे, की माझा पोरगा घरापासून माउलीच्या पायरीपर्यंत चालत गेला. आम्ही शेजारी बसून चहा पीत असू. आता ती नाही.

हे आम्ही त्या मुलास सांगितले. आईबद्दल सांगण्याची आमची ती पहिलीच वेळ. तो बराच वेळ गप्प राहिला, मग अगदी साधेपणाने विचारले, “मग फादर, दहिसर ते जोगेश्वरी तुम्ही नंतर कधी चाललात?”

आम्ही नाही म्हणालो. त्या रस्त्याने आमचे शेकडो वेळा जाणे झाले आहे, मिटिंगसाठी, दवाखान्यासाठी; दरवेळी गाडीने.

दुसऱ्या दिवशी सत्काराला उत्तर देताना त्याने व्यासपीठावरून सांगितले, की तीस मैल राहिले आहेत, फलकावरचा आकडा बरोबर नाही, आणि प्रमाणपत्र आपण संस्थेला परत पाठविणार आहोत. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी अधिकच टाळ्या वाजविल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी आभार मानताना पुन्हा ‘साडेतीन हजार’ म्हटले. फलक तीन राजांच्या सणापर्यंत तसाच राहिला.

विमानतळावर जाण्याआधी तो कापडी बिल्ला आमच्या हाती देऊन गेला. संस्थेच्या नियमाप्रमाणे राहिलेले मैल तो पुढे केव्हाही चालू शकतो. मग तो बिल्ला त्याचाच. मागच्या पत्रात त्याने लिहिले आहे, की घोटा अजून थंडीत दुखतो, मुलगी झाली आहे, आणि येत्या वसंतात चार दिवसांची रजा मिळेल असे दिसते. बिल्ला आमच्या टेबलाच्या खणात आहे. दहिसरला सकाळी सहा वाजता पोहोचावयाचे, तर इकडून पहिली गाडी किती वाजता सुटते, हे आम्ही परवा स्टेशनवर विचारून आलो.